बुरसटलेल्या वैरणीतलं औषध

पहिल्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत कॅनडातल्या आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातले पशुपालक एका विचित्र रोगाने हवालदिल झाले होते. धडधाकट जनावरं रक्त वाहून मरत होती. गायींची शिंगं कापणं, गोऱ्ह्यांचं खच्चीकरण करणं ही तिथल्या गोठ्यांतली दरसालची कामं. पण आता ती जखम वाहायची थांबतच नसे. एका ठिकाणी शिंगं कापलेल्या २२ गायींपैकी २१ दगावल्या, खच्ची केलेल्या २५ गोऱ्ह्यांपैकी १२ गेले. काहींना तर जखम झाल्याचंही दिसत नसे. कातडीखाली रक्त साकळून मोठमोठ्या गाठी यायच्या, जनावर लंगडायचं आणि मग आडवं व्हायचं. संसर्गाची खूण कुठेच सापडत नव्हती.

संशय गेला तो वैरणीवर. स्वीट क्लोव्हर ही मेथीच्या कुळातली वनस्पती युरोपातून तिकडे गेली होती. हलक्या जमिनीत, कमी पाण्यावर ती येई आणि जमिनीचा कसही वाढवी, म्हणून शेतकऱ्यांनी ती भरपूर लावली. कापून वाळवली की तिला गोडसर वास सुटे आणि गुरं ती आवडीने खात. पण त्या वर्षांत कापणीच्या वेळी पाऊस झाला, वैरण नीट वाळली नाही आणि गंज्यांमध्ये बुरशी धरली. हात सैल असता तर शेतकऱ्यांनी ती फेकून दिली असती. नवी वैरण विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांनी तीच गुरांपुढे टाकली.

हे कोडं पहिल्यांदा नीट मांडलं ते ऑन्टारिओ पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या फ्रँक स्कोफिल्ड यांनी. त्यांचा प्रयोग अगदी साधा होता. एकाच गंजीतून त्यांनी चांगल्या काड्या वेगळ्या काढल्या आणि बुरसटलेल्या वेगळ्या. एका सशाला चांगल्या खायला घातल्या, दुसऱ्याला बुरसटलेल्या. पहिला ठणठणीत राहिला, दुसरा रक्तस्रावाने मेला. म्हणजे दोष वनस्पतीत नव्हता, तिच्या कुजण्यात होता. स्कोफिल्ड यांनी उपायही सांगितले: ती वैरण ताबडतोब बंद करा आणि आजारी जनावराला निरोगी जनावराचं रक्त द्या.

या माणसाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तरुणपणी झालेल्या पोलिओमुळे ते काठी घेऊन चालत. अशा अवस्थेत ते मिशनरी म्हणून कोरियात गेले, सोलच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले आणि १९१९ साली जपानी राजवटीविरुद्ध कोरियन जनता रस्त्यावर उतरली तेव्हा कॅमेरा घेऊन तिच्यात शिरले. त्या चळवळीची आणि तिच्यावरच्या अत्याचारांची छायाचित्रं जगापुढे गेली ती त्यांच्यामुळे. १९७० साली सोलमध्येच त्यांचं निधन झालं आणि कोरियाच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांचं दफन झालं. रक्ताच्या औषधाच्या इतिहासात त्यांचं नाव एखाद्या ओळीत उरकलं जातं, हे मला अन्यायाचं वाटतं.

स्कोफिल्ड यांच्यानंतर नॉर्थ डकोटातले पशुवैद्यक ली रॉडरिक यांनी दाखवून दिलं की या जनावरांच्या रक्तात प्रोथ्रोंबिन फार कमी असतं. रक्त गोठण्याच्या साखळीतलं हे एक महत्त्वाचं प्रथिन. ते कमी का होतं, बुरशीत असं काय तयार होतं, याचं उत्तर मात्र रॉडरिक यांच्या हाती लागलं नाही.

इकडे माणसांच्या दवाखान्यांत नेमकी उलटी अडचण होती. तिथे रक्त नको तिथे गोठत होतं. शस्त्रक्रिया उत्तम पार पडलेला रुग्ण आठ-दहा दिवस अंथरुणावर पडून असायचा, बरा होत यायचा आणि उठून उभा राहता राहता कोसळायचा. पायाच्या शिरेत तयार झालेली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकलेली असे. जर्मनीत रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच ही वाट दाखवून दिली होती; उपाय मात्र नव्हता. १९०८ साली ट्रेन्डेलनबर्ग या शल्यचिकित्सकाने छाती उघडून फुप्फुसाच्या धमनीतून गुठळी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया सुचवली. तीतून पहिला रुग्ण वाचायला १९२४ साल उजाडलं.

रक्त पातळ ठेवणारं एक द्रव्य तोवर हाती आलं होतं. १९१६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा वैद्यकीय विद्यार्थी प्राध्यापक विल्यम हॉवेल यांच्या हाताखाली रक्त गोठवणारे पदार्थ शोधत होता. त्याला सापडला तो रक्त गोठू न देणारा. हॉवेल यांनी पुढे यकृतातून असंच द्रव्य काढलं आणि त्याला हेपॅरिन हे नाव दिलं. पण ते माणसाला टोचण्याइतकं शुद्ध करायला दोन दशकं लागली. टोरंटोत चार्ल्स बेस्ट यांच्या गटाने आणि स्वीडनमध्ये एरिक योर्पेस यांनी ते काम तडीस नेलं. हेपॅरिन झटकन काम करतं, पण ते पोटातून घेता येत नाही, टोचावंच लागतं, आणि त्या काळी ते अतिशय महाग होतं. दवाखान्यातून घरी गेलेल्या माणसाला महिनोन् महिने पुरवता येईल असं ते औषध नव्हतं.

गोठ्यातलं विष आणि माणसाचं औषध यांची गाठ पडली ती विस्कॉन्सिन राज्यात, फेब्रुवारी १९३३मध्ये. महामंदीचा तो सगळ्यांत वाईट हिवाळा. डीअर पार्क गावचे शेतकरी एड कार्लसन कित्येक वर्षं स्वीट क्लोव्हर घालत आले होते आणि कधी काही झालं नव्हतं. पण डिसेंबरपासून त्यांच्या कालवडी मरू लागल्या, एक लाडकी म्हातारी गाय गेली आणि वळूच्या नाकातून रक्त येऊ लागलं. एका शनिवारी त्यांनी मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये भरलेलं तिचं न गोठलेलं रक्त आणि सुमारे १०० पौंड कुजकी वैरण गाडीत घातली आणि हिमवादळातून जवळपास ३०० किलोमीटर गाडी हाकत ते राजधानी मॅडिसनला पोचले. राज्याच्या पशुवैद्यकाचं कार्यालय बंद होतं. विद्यापीठाच्या आवारात ज्या इमारतीचं दार उघडं मिळालं, तिथे कार्ल पॉल लिंक यांची जीवरसायनाची प्रयोगशाळा होती.

ही हकिगत लिंक यांनी स्वतः १९५९ साली लिहून ठेवली आहे आणि ती सांगताना त्यांनी हात आखडता घेतलेला नाही. काहीजण तिला दैवी योगायोग म्हणतात. मला ते पटत नाही, कारण त्याआधीच लिंक या प्रश्नाशी येऊन भिडले होते; मॅडिसनचेच वनस्पतिसंशोधक स्वीट क्लोव्हरचं निर्धोक वाण काढण्याच्या खटपटीत होते आणि त्यासंबंधी त्यांच्याशी लिंक यांचं बोलणं झालेलं होतं. कार्लसन आले नसते तरी काम सुरू झालं असतं. पण तो कॅन समोर आल्यावर ते टाळता येणं अशक्य झालं. त्या दिवशी लिंक यांच्याजवळ कार्लसनना द्यायला स्कोफिल्ड यांच्याच दोन उपायांपलीकडे काही नव्हतं: वैरण बदला, जमलं तर रक्त द्या. दुसरी वैरण घ्यायला पैसे नसलेल्या माणसाला हे सांगताना त्यांना काय वाटलं असेल! शेतकरी परत गेला, तेव्हा लिंक यांचे जर्मन सहायक ऑयगेन शोफेल अस्वस्थ होऊन त्या रक्तात पुन्हा पुन्हा हात बुडवत राहिले. त्याच रक्तावर आणि वैरणीवर काम सुरू झालं.

लिंक तेव्हा ३२ वर्षांचे होते. युरोपात त्यांनी सूक्ष्म रसायनशास्त्राचे मोठे जाणकार फ्रिट्स प्रेग्ल यांच्याकडे धडे घेतले होते. अगदी कणभर पदार्थातूनही रचना ओळखायची ती विद्या. ती इथे उपयोगी पडणार होती. पण पुढची सहा वर्षं घोडं पेंड खात होतं ते मोजण्यापाशी. वैरणीचा अर्क काढला, त्याचे भाग केले, तर कोणत्या भागात विष आहे हे कळणार कसं? सशाला खायला घालून त्याचं रक्त तपासायचं, एवढाच मार्ग. आणि एक ससा दुसऱ्यासारखा नसे. शेवटी त्यांनी ठरावीक सशांवर, ठरावीक पद्धतीने, विरळ केलेल्या रक्तद्रवाला गोठायला किती वेळ लागतो हे मोजण्याची चाचणी बसवली. अर्माण्ड क्विक यांनी १९३५ साली प्रोथ्रोंबिन काळ मोजण्याची रीत आणली होती, तिचाच हा सुधारलेला अवतार. मोजमाप आलं आणि मग रसायनशास्त्राला वाट दिसली.

जून १९३९च्या एका पहाटे, रात्रभर जागलेल्या हॅरॉल्ड कॅम्पबेल या विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसले. जमवले तेव्हा ते भरले सहा मिलिग्रॅम. मार्क स्टामान यांनी मग मोठ्या प्रमाणावर काढणी करून चार महिन्यांत १.८ ग्रॅम द्रव्य मिळवलं. चार्ल्स ह्यूबनर आणि स्टामान यांनी त्याची रचना उलगडली आणि १ एप्रिल १९४० रोजी तेच द्रव्य प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. नाव पडलं डायक्युमरॉल. स्वीट क्लोव्हरला गोड वास येतो तो कुमॅरिनमुळे, आणि कुमॅरिनने रक्त पातळ होत नाही. कुजताना बुरशी त्याच्यावर प्रक्रिया करते आणि तशा दोन रेणूंची जोडी जमते. ती जोडी हेच विष.

या द्रव्याची चाल मोठी विलक्षण होती. काचेच्या नळीतल्या रक्तात ते घातलं तर काहीच होत नसे. जिवंत प्राण्याच्या पोटात गेल्यावरही एक-दोन दिवस काही दिसत नसे. कारण ते तयार प्रथिनांना हात लावत नाही. यकृतात नवी बनतात त्यांची घडण ते अपुरी ठेवतं. जुनी संपत जातात आणि मग रक्ताची गोठण्याची शक्ती घटते.

आणि इथेच खरा निर्णायक शोध आहे, असं मी मानतो. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम यांना कोंबडीच्या पिलांच्या आहारावरच्या प्रयोगांतून के जीवनसत्त्व सापडलं होतं. ते नसेल तर रक्त गोठत नाही. लिंक यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की डायक्युमरॉलने आजारी पडलेल्या प्राण्याला के जीवनसत्त्व दिलं की रक्त पुन्हा गोठू लागतं. म्हणजे उतारा मिळाला. विष आणि औषध यांच्यात माझ्या लेखी फरक एवढाच: किती दिलं ते मोजता येतं का, आणि जास्त झालं तर परत फिरता येतं का. १९४०च्या सुमाराला या द्रव्याच्या बाबतीत दोन्ही प्रश्नांना होकार मिळाला. उतारा डॉक्टरांच्या गळी उतरायला मात्र वेळ लागला. आधी दिलेल्या छोट्या मात्रांचा रुग्णांवर फारसा परिणाम दिसला नाही, म्हणून कित्येकांनी तो निरुपयोगी ठरवला. मात्रा वाढवल्यावर गुण आला.

१९४१पासून मेयो क्लिनिकमध्ये आणि विस्कॉन्सिनच्या विद्यापीठ रुग्णालयात रुग्णांना डायक्युमरॉल देण्यात येऊ लागलं. गुठळ्यांवर पोटातून घ्यायचं पहिलंच औषध. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ते हृदयविकाराच्या झटक्यानंतरही वापरात आलं.

पुढचं वळण लिंक यांच्याच आजारपणातून आलं. १९४५च्या शरद ऋतूत होडीतून सहलीला गेले असताना ते भिजले, फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली आणि जुना क्षय पुन्हा उठला. सॅनेटोरियममध्ये कित्येक महिने अंथरुणावर पडून त्यांनी उंदीर मारण्याच्या विषांचा इतिहास वाचून काढला. उंदीर सावध प्राणी. एखादं खाऊन सोबती लगेच मेला की ते खाणं बाकीचे शिवत नाहीत. मग चार-पाच दिवसांनी, हळूहळू मारणारं विष का असू नये? डायक्युमरॉल त्या कामाला कमजोर पडत होतं. लिंक यांच्या विद्यार्थ्यांनी त्याच रचनेची सुमारे १५० संयुगं बनवून ठेवली होती. त्यांतलं ४२ क्रमांकाचं सगळ्यांत प्रभावी ठरलं. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रतिष्ठानच्या आद्याक्षरांवरून त्याला वॉरफरिन म्हणण्यात आलं. १९४८ साली ते बाजारात आलं आणि बघता बघता जगभर पोचलं.

उंदरांचं विष माणसाला द्यायला डॉक्टर धजत नव्हते. १९५१ साली अमेरिकी सैन्यातला एक जवान आत्महत्येच्या प्रयत्नात हेच विष खाऊन रुग्णालयात दाखल झाला. रक्त आणि के जीवनसत्त्व देऊन तो पूर्ण बरा झाला. जीव द्यायला निघालेल्या त्या तरुणाच्या वाचण्याने सिद्ध झालं की वॉरफरिनचा परिणाम माणसातही उलटवता येतो. १९५४ साली ते औषध म्हणून मान्य झालं. सप्टेंबर १९५५मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हरला हृदयविकाराचा झटका आला; त्यांच्या उपचारांत वॉरफरिन होतं. राष्ट्राध्यक्ष जी गोळी घेतात ती घ्यायला मग कुणी का घाबरावं?

भरवसा बसला तरी पुराव्याची गरज होतीच. तो दिला ब्रिस्टलच्या बॅरिट आणि जॉर्डन या दोन डॉक्टरांनी. फुप्फुसात गुठळी अडकलेल्या रुग्णांचे दोन गट केले. रक्त पातळ करणारं औषध न दिलेल्या १९ जणांपैकी पाच जण गुठळीनेच दगावले, औषध दिलेल्या १६ जणांपैकी एकही नाही. तिथेच प्रयोग थांबवला, कारण पुढे कुणाला औषधाविना ठेवणं त्यांना योग्य वाटलं नाही. १९६० साली छापलेल्या या एवढ्याशा अभ्यासाने गुठळ्यांच्या उपचाराची दिशा ठरवली.

मोजमापाचा प्रश्न मात्र पुन्हा डोकं वर काढत राहिला. प्रोथ्रोंबिन काळ मोजायला प्राण्यांच्या मेंदूपासून वगैरे बनवलेलं द्रव्य लागे, आणि प्रत्येक ठिकाणचं द्रव्य वेगळं. अमेरिकेतल्या चाचणीचं द्रव्य कमी तीक्ष्ण होतं, म्हणून तिथले डॉक्टर नकळत जास्त मात्रा देत आणि तिथे रक्तस्रावही जास्त होत. एका शहरातला आकडा दुसऱ्या शहरात निरर्थक. मँचेस्टरच्या लिऑन पोलर यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं चिकाटीने काम केल्यावर १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकच मोजपट्टी स्वीकारली. तीच आज आपल्याकडच्या प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबच्या अहवालात छापून येणारी आयएनआर. वॉरफरिन शरीरात नेमकं काय करतं, तेही सत्तरच्या दशकात लिंक यांच्याच विद्यापीठातले जॉन सटी आणि इतर संशोधकांनी उलगडलं. वापरून झालेलं के जीवनसत्त्व यकृत पुन्हा ताजं करून घेतं. वॉरफरिन ती वाट अडवतं. १९७८ साली लिंक गेले.

हृदयात कृत्रिम धातूची झडप बसवायला सुरुवात झाली ती साठच्या दशकात. अशा झडपेवर रक्त गोठतंच, म्हणून तो रुग्ण आयुष्यभर या गोळ्यांवर अवलंबून. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली स्वस्त भारतीय झडप १९९०मध्ये पहिल्यांदा बसवली गेली, तेव्हा झडपेचा खर्च आवाक्यात आला. गोळी आणि दर काही आठवड्यांनी रक्त तपासणं मात्र जन्मभराचं राहिलं. भारतात बऱ्याच रुग्णांना वॉरफरिनऐवजी त्याचाच भाऊबंद ॲसिनोकुमॅरॉल देतात. ॲसिट्रॉम हे नाव अशा घरांत पोराटोरांनाही पाठ असतं. मेथी-पालक खायचं की नाही, हा त्या घरांतला नेहमीचा प्रश्न. पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं; त्या बंद करायच्या नसतात, पण आज जुडीभर आणि मग महिनाभर काहीच नाही, असं चालत नाही. याहून कठीण प्रसंग तरुण बायकांवर येतो. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत वॉरफरिन गर्भाला बाधू शकतं. हेपॅरिन वारेतून बाळापर्यंत जात नाही, पण ते टोचून घ्यावं लागतं आणि झडपेवर गुठळी होण्याचा धोका त्याने पुरेसा टळेल याची खात्री नसते. आई आणि बाळ यांच्यातला हा तोल डॉक्टरांना प्रत्येक बाईसाठी वेगळा साधावा लागतो.

२०१०पासून नवी औषधं आली: डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबान, अपिक्साबान. मात्रा ठरलेली, आयएनआरची कटकट नाही, पथ्य नाही. श्रीमंत देशांत वॉरफरिन मागे पडू लागलं. धातूच्या झडपांवर मात्र डॅबिगॅट्रान वापरून पाहिलं, तर गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही. तो अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला.

आणि एक आजार असा होता की त्याची चाचणी घ्यायची श्रीमंत देशांना गरज भासली नव्हती. लहानपणी घसा दुखून येणाऱ्या तापातून हृदयाच्या झडपा निकामी करणारा रुमॅटिक हृदयरोग त्यांच्याकडून जवळपास नाहीसा झाला आहे. आपल्याकडे तो अजून आहे, आणि गरिबांच्या घरात जास्त. दिल्लीच्या एम्समधले गणेशन कार्तिकेयन यांच्या पुढाकाराने आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांत साडेचार हजारांहून अधिक अशा रुग्णांवर रिव्हारॉक्साबान आणि जुन्या गोळ्या यांची तुलना झाली. हृदयाचे ठोके अनियमित झालेले हे रुग्ण होते. ऑगस्ट २०२२मध्ये निष्कर्ष आले: जुन्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी होते आणि रक्तस्राव लक्षणीय जास्त नव्हता. त्यामुळे रुमॅटिक झडपांच्या रुग्णांसाठी डॉक्टर आजही वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉलच लिहून देतात, आणि आयएनआरची सोय तालुक्याच्या गावापर्यंत, परवडेल अशा दरात पोचवणं हे अजून शिल्लक असलेलं काम आहे.